फोनवर कुणालाही अटक होत नाही

‘दूरसंचार विभागाकडून महत्त्वाची सूचना. तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद केला जाईल. अधिक माहितीसाठी 9 दाबा.’ हा रेकॉर्ड केलेला आवाज कधी ना कधी तुमच्याही कानावर पडला असेल. बरेच जण तिथेच फोन ठेवतात. जो 9 दाबतो, त्याच्यासाठी पुढचं सगळं आधीच ठरलेलं असतं. पहिल्यांदा कोण बोलणार, आवाज कधी चढणार, ‘काका, मी तुमच्या बाजूचा आहे’ असं गोड बोलणं कधी येणार, सगळं.

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. यातल्या फोनवरच्या फसवणुकीत बहुतेक वेळा कुणी बँकेची तिजोरी फोडत नाही की संगणकात घुसत नाही. पैसे माणूस स्वतःच्या हाताने पाठवतो, कधी बँकेत रांगेत उभं राहून आरटीजीएस करतो. त्यामुळे ‘पासवर्ड अवघड ठेवा’ एवढ्या सल्ल्याने भागत नाही. त्या फोनवर नेमकं काय घडतं ते समजून घ्यावं लागतं.

‘डिजिटल अटक’ कशी रचतात

पहिला माणूस साधा असतो. कुरिअर कंपनीचा, दूरसंचार खात्याचा किंवा बँकेचा. तो सांगतो की तुमच्या नावाचं पार्सल मुंबईत अडकलंय, त्यात पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडले आहेत. किंवा तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डावरून लोकांना धमक्या गेल्या आहेत. तुम्ही म्हणता, ‘अहो, माझा काही संबंध नाही.’ त्याला तुमच्याकडून हेच हवं असतं. ‘मला वाटलंच होतं सर, तुमच्या आधारचा गैरवापर झालेला दिसतोय. ऑनलाइन तक्रार करून टाका, मी लाइन जोडून देतो.’ इथपर्यंत तो तुमचा हितचिंतक असतो.

मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्याचा फलक, वायरलेसचा खरखराट. तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे, कधी कधी बँकेचं नावही तो माणूस घडाघडा सांगतो. इथे पुष्कळांचा विश्वास बसतो, कारण ‘एवढं सगळं पोलिसांशिवाय कुणाला माहीत असणार?’ खरं तर आपण आधारची झेरॉक्स लॉजमध्ये देतो, सिमकार्डाच्या दुकानात देतो, कर्जाच्या अर्जाला जोडतो. ही माहिती गळते आणि विकली जाते. आपली माहिती कुणाकडे असणं आणि त्याला आपल्यावर अधिकार असणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर धाक सुरू होतो. मनी लाँडरिंगच्या, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याच्या गुन्ह्यात तुमचं नाव आलंय, वॉरंट निघालंय, सीबीआयचे मोठे साहेब लाइनवर येत आहेत. कॅमेरा बंद करायचा नाही. खोली सोडायची नाही. बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना काही सांगायचं नाही, कारण ही ‘राष्ट्रीय गोपनीयता’ आहे. सांगितलंत तर तेही आरोपी होतील. शेवटी सुटकेचा मार्ग दाखवला जातो. तुमच्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘गुप्त देखरेख खात्यात’ पाठवा, तपासणी होईल, पैसे स्वच्छ निघाले की दोन दिवसांत परत. आता, रिझर्व्ह बँक सर्वसामान्यांची खाती ठेवतच नाही, आणि देशातली कुठलीही तपास यंत्रणा ‘पडताळणीसाठी’ पैसे मागवून घेत नाही. पण तोवर चार-पाच तास, कधी चार-पाच दिवस, तो माणूस दुसऱ्या कुणाशीच बोललेला नसतो.

अडाणी माणूसच फसतो असं कुणाला वाटत असेल तर ऑगस्ट 2024 मधलं लुधियानाचं प्रकरण आठवा. वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच फोनवर आधी सीबीआयचे बनावट अधिकारी भेटले आणि मग चक्क ऑनलाइन सर्वोच्च न्यायालय भरवण्यात आलं. त्यात तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं सोंग घेतलेला माणूस होता. आदेश व्हॉट्सअॅपवर आला. झोपतानाही फोन जवळ सुरू ठेवायला सांगण्यात आलं. सात कोटी रुपये गेले. ओसवाल यांनी नंतर तक्रार केली, स्वतः पुढे येऊन हे सगळं सांगितलं, आणि पोलिसांना त्यातले सव्वापाच कोटी वाचवता आले. आयुष्यभर व्यवहार केलेल्या, शेकडो वकिलांना पैसे देण्याची ऐपत असलेल्या माणसाचं हे झालं. त्यांनी तोंड उघडलं याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं, कारण या गुन्ह्यात बहुतेक लोक लाजेने गप्प बसतात.

हे का चालतं?

आपल्याकडे लहानपणापासून ऐकवलं जातं की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. सरळमार्गी माणसाला पोलीस ठाण्याची भीती गुन्हेगारापेक्षा जास्त वाटते. ज्याने चाळीस वर्षं नोकरी केली, एकही हप्ता चुकवला नाही, त्याला ‘तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय’ हे वाक्य ऐकवलं की पायाखालची जमीन सरकते. चार लोकांत नाव जाईल, या एका विचाराने तो समोरचा म्हणेल ते करायला तयार होतो. टोळ्यांना हे पक्कं माहीत आहे. म्हणूनच त्यांचा डोळा निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँक अधिकारी अशांवर असतो. त्यांच्याकडे भविष्यनिर्वाह निधीची रक्कम असते आणि अब्रूची काळजीही.

दुसरं कारण म्हणजे फोन तुटू न देणं. घाबरलेल्या माणसाला विचार करायला थोडी उसंत लागते, कुणाशी तरी दोन शब्द बोलावे लागतात. मुलीला नुसतं विचारलं असतं, ‘अगं, असा फोन आलाय,’ तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ते दोन शब्द होऊ नयेत यासाठीच कॅमेरा, गोपनीयता आणि ‘फोन ठेवलात तर अटक’ हे सगळं असतं. माझं मत विचाराल तर या फसवणुकीचं खरं हत्यार खोटी वर्दी नव्हे. न तुटणारा फोन हे आहे. तो कापला की त्यांच्या हातात काही उरत नाही. बाहेर जीप उभी नसते, दारात शिपाई येत नाही.

कायदा काय सांगतो

कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अटकेची रीत स्पष्ट लिहिली आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा होतो आणि त्यावर घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घेतात. अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं. आणि राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं, तेही प्रवासाचा वेळ सोडून.

यातली एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. खरा कायदा पोलिसांना सांगतो की घरच्यांना कळवा. खोटा पोलीस तुम्हाला सांगतो की घरच्यांना कळवू नका. फोनवरच्या माणसाची परीक्षा घ्यायला एवढं पुरेसं आहे. त्याचं ओळखपत्र खरं की खोटं हे तपासत बसायची गरज नाही.

चौकशीला बोलावण्यासाठी पोलीस याच संहितेच्या कलम 35 खाली नोटीस देतात. ती व्हॉट्सअॅपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये हरयाणातल्या अंबाला इथल्या वृद्ध दांपत्याला न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून लुटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि 1 डिसेंबर 2025 रोजी डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा देशव्यापी तपास सीबीआयकडे सोपवला.

पण तपासाला वेळ लागतो, कारण फोन करणारा बहुधा भारतात नसतोच. एकेकाळी अशा फोनसाठी झारखंडमधलं जामताडा कुप्रसिद्ध होतं. आता कंबोडिया, म्यानमार, लाओस इथे भिंतीआड मोठमोठे अड्डे चालतात. डेटा एंट्रीची नोकरी देतो सांगून तरुण मुलांना तिकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि हे फोन करायला बसवतात. एप्रिल 2025 मध्ये राज्य पोलिसांच्या महाराष्ट्र सायबर या विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांना सोडवून आणलं. परदेशातल्या अशा नोकरीचं आमिष तुमच्या गावात कुणाला आलं असेल तर हेही त्याला सांगा.

छोटे फोन, छोट्या रकमा

प्रत्येक फोन कोटींचा नसतो. ‘मागील महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ हा संदेश महाराष्ट्रात लाखो ग्राहकांना सवयीचा झालाय. महावितरणचे अधिकृत संदेश कुणाच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवरून येत नाहीत; पाठवणाऱ्याच्या नावात ‘एमएसईडीसीएल’ असतं. शिवाय 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. ‘आज रात्री’ तोडता येतच नाही. त्या अधिकाऱ्याला फोन केलात की तो एखादं अॅप घ्यायला लावतो, ज्यातून तुमचा स्क्रीन त्याला दिसू लागतो. मग तुम्ही दहा रुपये भरता आणि तो तुमचा पिन पाहतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा व्हॉट्सअॅपचं स्क्रीन शेअरिंग ही कामाची साधनं आहेत, पण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती कधीही सुरू करू नका.

जुना सोफा विकायला काढलात तर ‘मी सैन्यात आहे, बदली झालीय, न बघता घेतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असं म्हणणारा ग्राहक भेटतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो. पैसे घ्यायला ना पिन लागतो ना स्कॅन. पूर्वी हेच लोक पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवून ‘मान्य करा’ म्हणायचे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, म्हणून आता क्यूआरवर भर आहे. ‘तुमच्या खात्यात चुकून वीस हजार आले, परत करा ना ताई’ असा रडवेला फोन आला तर मोबाईलवरचा संदेश पाहू नका. बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक पाहा. संदेश कुणीही बनवून पाठवू शकतो. खरोखरच पैसे आले असतील तर बँकेला कळवा आणि तिथूनच परत जाऊ द्या.

लग्नपत्रिका, वाहतुकीच्या दंडाची पावती, एखाद्या सरकारी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सअॅपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटोत किंवा पीडीएफमध्ये येते. एपीके म्हणजे अॅप. ते बसवलं की तुमचे ओटीपी दुसऱ्याला वाचता येऊ शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून निर्धास्त राहू नका, कारण बहुधा त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो.

कुरिअरवाल्याने ‘पत्ता सापडत नाही, स्टार 401 स्टार लावून हा नंबर डायल करा’ असं सांगितलं तर ते करू नका. त्याने तुमचे येणारे फोन त्या नंबरवर वळू शकतात, आणि बँकेचा ओटीपी आवाजात सांगणारा फोनही तिकडेच जातो. शंका असेल तर *#21# डायल करून फोन वळवले आहेत का ते पाहा, आणि ##002# डायल करून सगळं वळवणं रद्द करा.

नातवाच्या आवाजात ‘आजी, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ असा फोनही आता बनवता येतो, कारण समाजमाध्यमांवरच्या थोड्याशा आवाजावरून संगणक हुबेहूब नक्कल करतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. आजोळच्या गाईचं नाव असो की पाळण्यातलं नाव, बाहेरच्याला ठाऊक नसलेलं काहीही चालेल.

फोन ठेवायचा, आणि आपण लावायचा

समोरचा बँकेचा असो, पोलीस असो की विमा कंपनीचा, ‘मी थोड्या वेळाने तुमच्या कार्यालयात फोन करतो’ म्हणून फोन ठेवून द्या. उद्धटपणा वाटेल ही भीड सोडा. खरा कर्मचारी यावर चिडत नाही. नंबर मात्र स्वतः घ्या: एटीएम कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा, विजेच्या बिलावरचा. गुगलवर शोधून मिळालेला ‘कस्टमर केअर’ नंबर कित्येकदा याच टोळ्यांनी टाकलेला असतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरावरही विसंबू नका. परदेशातून केलेला फोन भारतीय नंबर असल्याचं भासवता येतो. असे फोन अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली तेव्हा पहिल्या 24 तासांतच 1 कोटी 35 लाख कॉल अडवले गेले. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत असा नियम झालाय. तरी त्या नंबरवरून फोन आला म्हणून ओटीपी सांगायचा नसतोच.

पैसे गेले नाहीत, पण संशयास्पद फोन आला असेल तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर किंवा अॅपवर ‘चक्षू’ या सोयीत कळवा. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही तिथे दिसतं. एकदा पाहून घ्या, अनोळखी नंबर असेल तर तिथूनच बंद करण्याची विनंती करता येते.

पैसे गेलेच तर

1930. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा सरकारी नंबर आत्ताच मोबाईलमध्ये जतन करा. गेलेली रक्कम पहिल्या खात्यात फार थांबत नाही. तिचे तुकडे होऊन दहा-वीस खात्यांत जातात, मग एटीएममधून किंवा क्रिप्टोमधून बाहेर. 1930 वर तक्रार होताच ती पुढच्या बँकांपर्यंत पोचवली जाते आणि जिथे पैसे सापडतील तिथे त्यांच्यावर होल्ड लागतो, म्हणजे ते गोठवले जातात. म्हणून ‘सकाळी मुलगा आला की बघू’ असं करू नका. बोलताना खातं क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्याला पैसे गेले त्याचा नंबर किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. लाजेपोटी व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे.

त्याच वेळी बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळे कळवल्याची वेळ कागदावर किंवा ईमेलवर राहू द्या.

ज्या खात्यांमधून हे पैसे फिरतात ती बहुधा भाड्याची असतात. ‘खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो’ असं कॉलेजच्या मुलांना सांगितलं जातं. पोलीस सगळ्यात आधी त्याच मुलांपर्यंत पोचतात. घरात अठरा-वीस वर्षांचं कुणी असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

घरात एकटे राहणारे आईवडील

पुण्यात, ठाण्यात, नाशिकमध्ये असंख्य घरांत म्हातारं जोडपं एकटं आहे आणि मुलं अमेरिकेत किंवा जर्मनीत. मुलांनी पुढच्या सुट्टीत येऊन काही गोष्टी कराव्यात. नेट बँकिंगची रोजची मर्यादा खाली आणा. यूपीआयसाठी वेगळं, थोड्या पैशांचं खातं ठेवा. मोठ्या ठेवी अशा बँकेत असू द्या जिथे ऑनलाइन मोडता येत नाहीत, कारण शाखेत जाण्याच्या त्या अर्ध्या तासात कुणीतरी ‘काका, एवढी एफडी का मोडताय?’ असं विचारतं. हैदराबादसारख्या ठिकाणी शाखेतल्या जागरूक कर्मचाऱ्यांनी असं विचारूनच ज्येष्ठांचे लाखो रुपये वाचवले आहेत. टोळ्यांना हेही ठाऊक असतं; ‘घर घ्यायचंय म्हणून सांगा’ असं ते पढवून पाठवतात. तेव्हा बँकवाल्यांनी एका उत्तरावर समाधान मानू नये. व्हॉट्सअॅपमध्ये अनोळखी नंबरांचे फोन वाजू न देण्याची सोय आहे, तीही सुरू करून द्या.

आणि आईने एखाद्या दिवशी ‘असा असा फोन आला होता’ सांगितलं तर ‘तू उचललासच कशाला?’ असं म्हणू नका. रागावलं तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. मोबाईल काढून घेतील या भीतीनेच कित्येक जण दोन-दोन दिवस गप्प राहिलेले असतात, आणि तेवढ्यात पैसे दूर निघून जातात. मुलांशी बोलवत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही ‘एल्डरलाइन’ नावाची मोफत मदतवाहिनी आहे.

पैसे गेल्यावर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. या वेळी तो वकील असतो, सायबर सेलचा माणूस असतो किंवा ‘रिकव्हरी एजंट’. तुमची रक्कम सापडली आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा, असं तो सांगतो. फसलेल्यांची यादी टोळ्या एकमेकांना विकतात, त्यातूनच त्याला तुमचा नंबर मिळालेला असतो. होल्ड झालेले पैसे परत मिळण्याचा मार्ग तुमच्या तक्रारीतून, पोलीस ठाण्यातून आणि गरज पडल्यास न्यायालयाच्या आदेशातून जातो. त्यासाठी कुणाला यूपीआयने आगाऊ शुल्क पाठवावं लागत नाही. तो फोनही कापा आणि त्याची वेगळी तक्रार 1930 वर नोंदवा.